चिकित्सक माध्यम व संज्ञापन अभ्यासातील शोधप्रकाशन

वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट आणि आता समाजमाध्यमे कोणाच्या मालकीची आहेत, त्यातून कोणाचे हित साधते आणि कोणाचा आवाज दबतो, हे तपासणाऱ्या ज्ञानशाखेला चिकित्सक माध्यम व संज्ञापन अभ्यास म्हणतात. या शाखेतले संशोधन ज्या जर्नलांतून, ग्रंथमालांतून आणि विद्यापीठीय प्रकाशनांतून बाहेर पडते, त्या सगळ्या व्यवहाराचा विचार येथे केला आहे. इतर शाखांत प्रकाशन म्हणजे संशोधनाची शेवटची पायरी. या शाखेला मात्र प्रकाशनाचीही चिकित्सा करावी लागते, कारण माध्यमांच्या मालकीविषयी ती जे प्रश्न विचारते ते तिच्या स्वतःच्या जर्नलांनाही लागू पडतात.

या परंपरेतले पहिले महत्त्वाचे नियतकालिक फ्रँकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेचे होते : ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर झोत्सियालफोर्शुंग’ (१९३२–४१). ते लाइपझिगला सुरू झाले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला, संस्थेला टाळे लागले आणि छपाई पॅरिसच्या फेलिक्स आल्काँ या प्रकाशनाकडे गेली. संस्था न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाला गेली, तरीही संपादक माक्स होर्कहायमर यांनी नियतकालिक मुख्यतः जर्मन भाषेतच चालू ठेवले. वाल्टर बेन्यामिन यांचा कलाकृतीच्या यांत्रिक पुनर्निर्मितीवरचा प्रसिद्ध निबंध १९३६ साली येथेच छापून आला, पण फ्रेंच भाषांतरात आणि संपादकीय कात्री लागून. मूळ प्रास्ताविक गाळले गेले होते आणि ‘साम्यवाद’ या शब्दाच्या जागी ‘मानवजातीच्या विधायक शक्ती’ असा सोवळा शब्दप्रयोग आला होता. परक्या देशात आसऱ्याला असलेल्या संस्थेने घेतलेली ही खबरदारी समजण्यासारखी असली, तरी चिकित्सक परंपरेच्या पायाभूत लेखावरच तिच्या घरच्या संपादकांनी कात्री चालवावी, हे विसरून चालत नाही.

जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्यावर अखेरचे अंक न्यूयॉर्कहून इंग्रजीत निघाले. १९४१ च्या एका अंकाचा विषय जनसंज्ञापन होता. त्यात पॉल लाझार्सफेल्ड यांनी ‘प्रशासकीय’ आणि ‘चिकित्सक’ संशोधन असा भेद मांडला. रेडिओ कंपनी किंवा सरकारी खाते जे प्रश्न विचारते त्यांची उत्तरे शोधणारे संशोधन प्रशासकीय. त्या कंपनीचे आणि खात्याचे समाजातले स्थानच तपासणारे ते चिकित्सक. शाखेच्या नावातल्या विशेषणाचा माग येथपर्यंत लागतो.

देशांतराची हीच कथा लॅटिन अमेरिकेत पुन्हा घडली. माध्यम अभ्यासक आर्माँ मातलार आणि सहकाऱ्यांचे ‘कोमुनिकासिओन इ कुल्तुरा’ १९७३ साली चिलीतील सांतियागो येथे निघाले. काही आठवड्यांतच लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचे समाजवादी सरकार उलथवले आणि नियतकालिक ब्यूनस आयर्सला गेले. अर्जेंटिनातही लष्कर आल्यावर ते मेक्सिकोला पोहोचले.

ब्रिटनमध्ये सत्तेचा धाक नव्हता. चणचण होती ती पैशाची आणि प्रतिष्ठेची. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली स्थापन झालेल्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे काम मुद्रित जर्नलांत मावणारे नव्हते. मग केंद्राने स्टेन्सिल कापून, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलसारख्या प्रती काढून निबंध वाटायला सुरुवात केली. स्टुअर्ट हॉल यांचा दूरचित्रवाणीच्या संदेशाची घडण आणि उकल यांविषयीचा १९७३ चा निबंध याच मालेत, सातव्या क्रमांकाने निघाला. त्याचे संक्षिप्त रूप पुस्तकात यायला १९८० साल उजाडले. आज माध्यम अभ्यासाचा विद्यार्थी जगात कुठेही असो, त्याला हा निबंध चुकत नाही. समकक्ष समीक्षेची (पीअर रिव्ह्यू) मोहोर नसलेला मजकूर कमअस्सल, असे मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

पुढच्या दशकभरात शाखेला स्वतःची जर्नले मिळाली. लंडनच्या सेंट्रल लंडन पॉलिटेक्निकमधील (आताचे वेस्टमिन्स्टर विद्यापीठ) अध्यापकांनी १९७९ मध्ये ‘मीडिया, कल्चर अँड सोसायटी’ सुरू केले. निकोलस गार्नम यांचा माध्यमांच्या राजकीय अर्थशास्त्रावरचा लेख त्याच्या पहिल्याच वर्षी आला. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांच्या संपादनाखालील ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’ने १९८३ साली ‘फर्मेंट इन द फील्ड’ हा विशेषांक काढून चिकित्सक आणि मुख्य प्रवाहातील अभ्यासकांना समोरासमोर आणले. १९८४ मध्ये ‘क्रिटिकल स्टडीज इन मास कम्युनिकेशन’ निघाले. ‘चिकित्सक’ हा शब्द आता मुखपृष्ठावर आला आणि बंडखोरीला विद्यापीठात पक्की नोकरी मिळाली.

आज या जर्नलांचा रोजचा व्यवहार ठरीव साच्यातला आहे. लेखक सात-आठ हजार शब्दांचा निबंध पाठवतो. संपादकाला तो पटला नाही तर दारातूनच परत जातो. पटला तर दोन किंवा तीन निनावी समीक्षकांकडे जातो. दुरुस्त्या, पुन्हा समीक्षा, पुन्हा दुरुस्त्या यांत वर्ष सहज निघून जाते. लेखकाला मानधन नाही, समीक्षकालाही नाही. दोघांचे पगार विद्यापीठ देते आणि छापून आलेला निबंध तेच विद्यापीठ वर्गणी भरून विकत घेते. वाचकाला तो मोफत मिळावा अशी इच्छा असेल, तर लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने प्रक्रिया शुल्क (एपीसी) भरायचे. मोठ्या प्रकाशकांकडे ही रक्कम अनेकदा तीन हजार डॉलरच्या पुढे जाते.

वर उल्लेखिलेले ‘मीडिया, कल्चर अँड सोसायटी’ आता सेजकडे आहे. १९८४ चे ते ‘क्रिटिकल स्टडीज’ टेलर अँड फ्रान्सिस छापते. रुटलेज ही नामांकित प्रकाशनसंस्था १९९८ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसमध्ये विलीन झाली आणि टेलर अँड फ्रान्सिस २००४ पासून इन्फॉर्मा या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या छत्राखाली आहे. म्हणजे माध्यमांचे केंद्रीकरण कसे होते यावरचे मूलगामी लेख एका केंद्रीकृत उद्योगाच्याच गल्ल्यात भर घालतात. अभ्यासकांना हे कळत नाही असे नाही. नेमणूक आणि बढती जर्नलच्या नावावर ठरते, विद्वत्संघटनांचा खर्च प्रकाशकाकडून येणाऱ्या हिश्शावर चालतो. मग बाहेर पडायचे कोणी आणि कोणाच्या जिवावर?

हा पेच भारतात न्यायालयापर्यंत गेला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे झेरॉक्सचे दुकान अभ्यासक्रमातील पुस्तकांची नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दुकानावर व विद्यापीठावर दावा लावला. ज्यांच्या पुस्तकांची पाने झेरॉक्स होत होती, त्यांच्यापैकी अनेकांनी दावा मागे घ्या, असे प्रकाशकांना कळवले. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने शैक्षणिक वापराची सवलत मान्य करून काही वस्तुस्थितीचे मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटल्यातून अंग काढून घेतले.

पर्याय उभे करणाऱ्यांत ‘ट्रिपल सी’ हे ऑनलाइन जर्नल (२००३ पासून) ठळक आहे. ते लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. त्याचे संपादक क्रिस्टियान फुक्स व मारिसोल सांदोवाल यांनी २०१३ मध्ये अशा बिगरव्यापारी पद्धतीला ‘डायमंड’ मुक्तप्रवेश (ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे वाचकाला मोफत) म्हणून वेगळे ओळखावे, असा आग्रह धरला. हा शब्द पुढे युरोपीय धोरणांतही रुळला. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाने २०१५ मध्ये स्वतःचे मुक्तप्रवेश प्रकाशन काढले. दिल्लीत ‘सराय’ या माध्यम-संशोधन उपक्रमाने २००१ पासून आपले ‘रीडर’ हे निबंधखंड मोफत खुले केले. अशा उपक्रमांची दुखरी नस एकच : संपादन, मुद्रितशोधन, मांडणी ही कामे बहुधा विनावेतन होतात आणि ती करणारी माणसे थकतात.

भारतातील माध्यम अभ्यासकांसमोर आणखी एक संकट होते ते बोगस जर्नलांचे. पीएच.डी. आणि बढतीसाठी ‘पेपर’ लागतो म्हटल्यावर पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी दुकाने निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतही ती शिरली. २०१८ मध्ये आयोगाला त्या यादीतून ४,३०५ जर्नले काढावी लागली. त्यानंतरची ‘केअर’ यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चालवली गेली आणि तिच्यात भारतीय भाषांतील नियतकालिकांनाही जागा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केल्याचे जाहीर केले आणि पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. मराठीत माध्यमांविषयी गंभीर लेखन होते, पण नेमणुकीच्या गुणांकनात इंग्रजी जर्नलचे पारडे जड राहते, त्यामुळे मराठी माध्यमांवरचे संशोधनही बरेचसे इंग्रजीत लिहिले जाते.

मे २०२४ मध्ये इन्फॉर्माने मायक्रोसॉफ्टशी करार करून आपल्या शैक्षणिक मजकुराचा काही भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी उपलब्ध केला. आपल्याला विचारले नाही, अशी तक्रार अनेक लेखकांनी केली. हक्क प्रकाशकाच्या नावे करून देणाऱ्या करारावर त्यांची सही आधीच झालेली होती.