एक छोटी फाइल वेगळी का आणावी लागते? जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांची लिनक्सवरची पार्श्वभूमी

वीसेक वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पालथा घालून खालचं छोटं झाकण उघडलं, की बिस्किटाएवढं एक कार्ड दिसतं. त्याला दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. त्या बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनांना मिळतात. माझ्याकडे अजून चालत असलेल्या एका जुन्या लॅपटॉपमधल्या कार्डाच्या चिपवर 'बीसीएम४३१८' असं लिहिलेलं आहे. त्याच्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली की सुरू होताना काळ्या पडद्यावरून एक ओळ सरकत जाते: 'बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू' ही फाइल सापडली नाही. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड ओळखू आलेलं असतं, ते चालवणारा ड्रायव्हरही चढलेला असतो. फक्त आसपासच्या नेटवर्कची यादी रिकामी असते.

उपाय माहीतगारांना पाठ आहे. नेटची केबल लावायची, बी४३ चं, म्हणजे या कार्डाच्या ड्रायव्हरचं, फर्मवेअर-इन्स्टॉलर पॅकेज घ्यायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं. काम पाच मिनिटांचं. पण नव्याने लिनक्सकडे आलेला माणूस इथेच अडतो आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो: अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम एका पेनड्राइव्हवर मावते, मग ही काही किलोबाइटची फाइल वेगळी का आणायची? तीही इंटरनेटवरून, आणि इंटरनेटसाठीच तर ती हवी आहे! हा कुणाचा आळस नाही. त्यामागे बराच मोठा इतिहास आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

वायफायचं मूळ प्रमाण, ८०२.११, १९९७ साली आलं. १९९९ च्या 'बी' आवृत्तीने वेग सेकंदाला ११ मेगाबिटवर नेला. त्या काळातली कार्डं म्हणजे ल्यूसंटची वेव्हलॅन आणि ओरिनोको, किंवा प्रिझम चिप असलेली. लिनक्सवर ती फारसा त्रास न देता चालत. एचपीमधले ज्याँ तूरिल यांनी १९९६ च्या सुमारास 'वायरलेस एक्स्टेन्शन्स' लिहायला घेतली होती. 'आयडब्ल्यूकॉन्फिग' ही जुन्या मंडळींच्या बोटांत बसलेली आज्ञा त्यातलीच. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांच्या 'होस्टएपी' ड्रायव्हरने तर प्रिझम कार्ड लावलेल्या साध्या पीसीचा अॅक्सेस पॉइंट करता येऊ लागला. ही कार्डं सोपी पडायचं एक कारण त्यांच्या रचनेत होतं. हवेतून पाकीट कधी पाठवायचं, पोच आली नाही तर पुन्हा कधी प्रयत्न करायचा, हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, कार्डावरच्या फ्लॅश मेमरीत कायमचा असे. ड्रायव्हरने फक्त 'हे पाठव' म्हणायचं.

२००३ मध्ये 'जी' आवृत्ती आली, वेग ५४ मेगाबिट झाला, आणि कार्डं झपाट्याने स्वस्त झाली. स्वस्ताईची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली. कार्डावरची फ्लॅश गेली. पुष्कळसं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरकडे आलं आणि उरलेल्या अगदी वेळेच्या कामांसाठीचं छोटं फर्मवेअर दरवेळी सुरू होताना ड्रायव्हरने कार्डात भरायचं, अशी व्यवस्था झाली. ब्रॉडकॉमची बीसीएम४३ मालिका याच घडणीची. कितीतरी कंपन्यांच्या लॅपटॉपांत, अॅपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीममध्ये आणि घरोघरच्या राउटरांत तिच्याच चिप होत्या. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या सुरुवातीला परवानामुक्त झाला. लॅमिंग्टन रोडवर वापरलेले लॅपटॉप घेऊन त्यांच्यावर लिनक्स बसवणाऱ्यांच्या पुढ्यात हीच कार्डं आली ती त्यानंतर.

ब्रॉडकॉमने चिपची तांत्रिक माहिती बाहेर दिली नाही, लिनक्सचा ड्रायव्हरही दिला नाही. असं करणारी ती एकटी नव्हती. त्या काळी या उद्योगातून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येई. या चिपची वारंवारता आणि ताकद सॉफ्टवेअरनेच ठरते. स्रोत, म्हणजे मूळ कोड, उघडा केला तर कुणीही ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करील आणि अमेरिकेतल्या एफसीसीसारख्या नियामकांपुढे उत्तर मात्र आम्हाला द्यावं लागेल. चिंता अगदीच निराधार नव्हती. पण तैवानच्या रॅलिंकने त्याच सुमारास आपल्या ड्रायव्हरचा स्रोत जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला होता आणि त्यामुळे काही आकाश कोसळलं नाही.

मधल्या काळात लोकांनी आडवाट शोधली. पोंटस फुक्स यांनी 'एनडिसरॅपर' लिहिलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये विंडोजसारखी दिसणारी एक खोली तयार करायची आणि विंडोजचाच ड्रायव्हर तिथे आणून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. लॅपटॉपसोबत आलेल्या सीडीवरून 'आयएनएफ' आणि 'एसवायएस' या फाइली उचलायच्या, दोन आज्ञा द्यायच्या, की कार्ड जागं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल पॉल यांनी असंच काम केलं आणि त्याला 'प्रोजेक्ट ईव्हिल' असं नाव पडलं. या वाटेने असंख्य लोकांचं काम भागलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण कर्नलच्या पोटात बंद पेटी बसली. ती बिघडली तर आत डोकावायची सोय कुणालाच नव्हती, आणि इंटेल घराण्याबाहेरच्या प्रोसेसरवर, म्हणजे त्या वेळच्या पॉवरपीसीवाल्या अॅपल मशीनवर, विंडोजचा ड्रायव्हर चालणारच नव्हता. खऱ्या ड्रायव्हरची निकड तिथे जास्त होती.

वाट मिळाली ती राउटरमधून. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन शेपट्यांचा राउटर. त्याच्या आत लिनक्स चालतं, हे २००३ च्या मध्यात जाहीर चर्चेत आलं आणि जीपीएलच्या अटीप्रमाणे लिंकसिसला स्रोत प्रसिद्ध करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त लिनक्स उभं राहिलं. वायरलेसचा ड्रायव्हर मात्र त्या स्रोतात नव्हता. तो तेवढा बायनरी, म्हणजे यंत्रालाच कळेल अशा, स्वरूपात होता. पण होता तो लिनक्ससाठीचा, एमआयपीएस प्रोसेसरसाठी बांधलेला, आणि ज्याला चिकाटीने वाचायचं आहे त्याच्यासमोर सरळ पडलेला.

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. बायनरी उलगडून तिचंच सी भाषेत रूपांतर केलं असतं तर ती नक्कल ठरली असती, आणि नक्कल कर्नलमध्ये घेता आली नसती. म्हणून काम दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाने राउटरमधला ड्रायव्हर सुटा करून वाचला आणि साध्या इंग्रजीत लिहून काढलं, की अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा टाकायचा, मग इतके मायक्रोसेकंद थांबायचं, मग तमुक बिट तपासायचा. कोड लिहायचा नाही, फक्त वर्णन. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे बघायचंही नाही. हे वर्णन वाचून आपल्या मनाने कोड लिहायचा. आयबीएम पीसीचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, पुन्हा घडवताना कॉम्पॅकने १९८२ च्या सुमारास हीच शिस्त पाळली होती. कॉम्पॅकच्या पाठीशी कंपनीचा पैसा आणि वकील होते. इथे होते ते बहुतांशी आपल्या फावल्या वेळात काम करणारे लोक.

त्या वर्णनाचं पान वाचून बघावं. रेडिओ चालू करण्याची नुसती कृती पानामागून पान चालते आणि कुठलाही आकडा तोच का, याचं कारण कुठेच नसतं, कारण कारण ब्रॉडकॉमच्या अभियंत्यांच्या डोक्यात राहिलेलं आहे. एक बिट चुकला तरी कार्ड गप्प बसतं, आणि का गप्प बसलं ते सांगायला कुणी नसतं. तरीही मिखाएल ब्युश, मार्टिन लांगर, स्तेफानो ब्रिव्हियो आणि त्यांच्या साथीदारांनी २००५ च्या अखेरीस ड्रायव्हर जाहीर केला, आणि जून २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमधून 'बीसीएम४३एक्सएक्स' या नावाने तो सर्वांपर्यंत गेला.

ड्रायव्हर मोकळा झाला, पण कार्डात भरायचं फर्मवेअर ब्रॉडकॉमचंच राहिलं. ते वाटायची परवानगी कुणालाच नव्हती. मग 'एफडब्ल्यूकटर' हे छोटं अवजार लिहिलं गेलं. ते ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर घेतं, त्याच्या पोटात फर्मवेअरचे तुकडे कुठे आहेत ते ओळखतं आणि कापून वेगळ्या फाइली करून देतं. फाइल तुम्ही तुमच्यासाठी कापता. वितरण कुणीच करत नाही. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. इन्स्टॉलर पॅकेजमध्ये फर्मवेअर नसतंच. असते ती फक्त कृती: मूळ ड्रायव्हर उतरवून घ्या, काप द्या, फर्मवेअरच्या फोल्डरमधल्या 'बी४३' मध्ये ठेवा.

पुढे कर्नलमधली वायरलेसची घडीच बदलली. डिव्हाइसस्केप कंपनीने २००६ मध्ये दिलेल्या कोडवरून 'मॅक८०२११' हा सर्वांसाठीचा सामायिक थर तयार झाला आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये जुन्या ड्रायव्हरची जागा दोघांनी घेतली. 'बी४३' नव्या चिपसाठी आणि 'बी४३लेगसी' अगदी जुन्या चिपसाठी, ज्यांना फर्मवेअरची आधीची पिढी लागते. इन्स्टॉलर पॅकेजं दोन आहेत ती यामुळे.

आणखी एक गुंता इथेच सांगतो, कारण यात आजही लोक तास घालवतात. चिपचं नाव आणि पीसीआय क्रमांक जुळत नाहीत. 'एलएसपीसीआय' या, मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत १४ई४:४३१२ दिसलं तर ती चिप बीसीएम४३११ असते. बीसीएम४३१२ चा क्रमांक १४ई४:४३१५ असतो. म्हणून कार्डाच्या नावावरून मदत शोधू नये, क्रमांक पाहावा.

बी४३ ची गोष्ट लॅरी फिंगर यांच्याशिवाय पुरी होत नाही. ते मूळचे स्फटिकशास्त्राचे संशोधक, वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत आयुष्य घालवलेले. फिंगराइट या खनिजाला त्यांचं नाव दिलेलं आहे. निवृत्तीनंतर ते या कामात आले आणि कर्नलमध्ये त्यांच्या नावावर हजाराहून अधिक बदल जमा झाले. तोच तोच प्रश्न घेऊन येणाऱ्या नवख्या लोकांना ते वर्षानुवर्षं शांतपणे उत्तरं देत राहिले. फर्मवेअर कापण्यासाठी लागणारा मूळ ड्रायव्हर त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला होता. जून २०२४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. त्यांची आणि माझी कधी ओळख नव्हती, पण बातमी वाचली त्या संध्याकाळी मी तो जुना लॅपटॉप काढून सुरू केला.

ब्रॉडकॉमने २००८ मध्ये स्वतःचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर दिला: आत बंद गाभा, बाहेर उघडं वेष्टण. कर्नल बदललं की तो नव्याने बांधावा लागतो, आणि तो चालवायचा तर बी४३ ला आधी बाजूला करावं लागतं, कारण दोघेही एकाच कार्डावर हक्क सांगतात. त्याच वर्षी अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी पूर्ण खुला ड्रायव्हर आणि जुन्या चिपसाठी हार्डवेअरच्या थराचा स्रोत देऊन टाकला. २००९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातून ४३०६, ४३११ आणि ४३१८ या चिपसाठी संपूर्ण मुक्त फर्मवेअर आलं. एन्क्रिप्शनचं काम त्याने प्रोसेसरवर टाकलं, पण कार्ड खरोखर चालू लागलं. विद्यापीठातल्या माणसांनी बंद चिपसाठी नवं फर्मवेअर लिहिणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिची कौतुकं व्हायला हवी होती तितकी झाली नाहीत, असं मला अजूनही वाटतं.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने अखेर खुला ड्रायव्हर जाहीर केला आणि त्याचं फर्मवेअर वाटायची परवानगीही दिली. पण तो ४३१३, ४३२२४ आणि ४३२२५ या नव्या चिपसाठी होता. मागच्या चिपच्या फर्मवेअरची अट होती तशीच राहिली.

डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून बंद फर्मवेअर इन्स्टॉलेशनच्या प्रतीतच द्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुष्कळ लॅपटॉपांची वायफाय पहिल्या मिनिटापासून चालू लागली. बी४३ त्यात नाही, कारण जे वाटायचा हक्कच नाही ते प्रतीत घालता येत नाही. केबल जवळ नसेल तर आता फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावं. लिनक्सला तो केबलच्या कार्डासारखाच दिसतो. पॅकेज बसताना पडद्यावर एकेक फाइल कापल्याची नोंद उमटत जाते आणि 'यूकोड५' ची ओळ त्यातच असते. मग ड्रायव्हर काढून पुन्हा चढवायचा. माझ्या लॅपटॉपवर कीबोर्डच्या वरचा छोटा निळा दिवा लागतो आणि यादीत पहिलं नाव शेजाऱ्यांच्या राउटरचं येतं.