विंटेज कुणाला म्हणायचं? आपल्या फियाटची पार्श्वभूमी

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात आणि दरवर्षी एकच वाद निघतो, फियाटला विंटेज म्हणायचं का क्लासिक म्हणायचं का नुसती जुनी गाडी. रोल्स रॉइस, पॅकार्डवाले एका बाजूला उभे, आणि आमच्यासारखे ज्यांच्या घरात फियाट होती ते तिच्या बॉनेटवर हात ठेवून दुसऱ्या बाजूला. हा वाद नुसता मानपानाचा राहिलेला नाही, २०२१ पासून त्यात कायदा आलाय, फी आलीय, नंबर प्लेट आलीय. म्हणून मागचं सगळं एकदा सलग लिहून काढतोय.

सुरुवातीचं पटकन सांगतो. स्वातंत्र्याआधी आपल्याकडे गाड्या बनत नव्हत्या, जोडल्या जायच्या. खोक्यांतून सुटे भाग बंदरात उतरायचे आणि शिवडीत एका अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात १९२८ पासून त्यांच्या गाड्या व्हायच्या. १९४४ मध्ये सोलापूरच्या एका उद्योगपतीने मुंबईत प्रीमियर ही कंपनी काढली, १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला लागले. मग १९५३-५४ च्या सुमाराला सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवायचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं. अमेरिकन कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या, शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. कुर्लेवाले राहिले आणि त्यांनी इटलीच्या फियाटचा हात धरला. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या दारात कुठली गाडी उभी राहणार ते या एका निर्णयाने ठरलं असं माझं मत आहे.

पन्नासच्या दशकातली पहिली फियाट अकराशे म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. हे नाव कुठल्या जाहिरातीतलं नाही, लोकांनीच ठेवलं, गोल फुगीर पाठ आणि पुढे आलेलं नाक बघून. प्रेमानेच म्हणायचे, आजही ज्यांच्याकडे ती आहे ते अभिमानाने ‘आमची डुक्कर’ म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरं मागच्या बाजूला, त्यामुळे नऊवारीतल्या आज्यांना उतरायला सोपं जायचं असं आमच्या आत्या सांगतात. पण हल्ली नवी पोरं कुठलीही फियाट दिसली की डुक्कर म्हणतात ते चूक आहे. १९६४ मध्ये डिलाइट आली, सरळ रेषांची, मागे दोन बाजूंना छोटे पंख असलेली, ती डुक्कर नाही. तीच बॉडी थोडेफार बदल होत होत शेवटपर्यंत चालली. १९७२ नंतर इटलीचं नाव जाऊन ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी लिहिलेलं असलं तरी तोंडात मात्र फियाटच राहिलं. इटलीत ते मॉडेल साठच्या दशकातच बंद झालं होतं, आपल्याकडे २००० सालापर्यंत बनत होतं. यावर लोक नाकं मुरडतात, पण एकच गाडी इतकी वर्षं चालली म्हणूनच तिचा मिस्त्री सातारपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक गावात तयार झाला, हे ते विसरतात.

सत्तर-ऐंशीचा काळ मी स्वतः बघितलाय म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं, गाडी घरात येईपर्यंत बुक करताना तान्हं असलेलं पोर शाळेत जायला लागलेलं असायचं. गाड्यांच्या विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रण होतं, सरकारी कोटा वेगळा असायचा. १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवून दिल्या आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यामुळे गाडी आली की पहिल्यांदा देवळात, मग नातेवाईकांकडे, आणि मग कव्हर घालून बिल्डिंगखाली. आमच्याकडे १९७९ ची पद्मिनी आली तेव्हा बाबांनी पहिला महिनाभर सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं.

चालवायला ती कशी होती हे आता सांगावं लागतं. १०८९ सीसीचं इंजिन, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे सलग सीट आणि तिघं आरामात, मागे चार आणि मांडीवर पोरं. थंडीत सकाळी चोक ओढायचा, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पॉइंट बघायचे. तिकोनी काच थोडी वळवली की वारा थेट तोंडावर. आणि मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली की बाबा शांतपणे खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे. इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला ते ओढता यायचं नाही, फडक्याने पंप थंड झाला की गाडी चालू. तोपर्यंत आई डबा उघडायची. अमृतांजन पुलाच्या अलीकडे-पलीकडे अशा चार-पाच फियाट बॉनेट उघडून उभ्या असायच्या, सगळे एकमेकांना पाणी द्यायचे, ओळख नसली तरी.

टॅक्सीचा भाग वेगळाच लिहायला हवा. मुंबईत टॅक्सी म्हणून ही गाडी डिलाइटपासून म्हणजे १९६४ पासून रुळली. कलकत्त्याने ॲम्बॅसॅडर घेतली, मुंबईने फियाट, कारण गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत छोटी गाडी वळते, इंजिन दमदार, आणि स्पेअर पार्ट कुठेही मिळतो. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक याच. त्या टॅक्सीवाल्यांनी, टपावर कॅरिअर आणि बाहेर डाव्या अंगाला मीटर लावून रोज बारा-बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसांनी, हे यंत्र जिवंत ठेवलं. गाड्यांच्या हौशी लोकांत त्यांचं नाव फारसं निघत नाही, ते मला नेहमी खटकतं.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कुर्लेवाल्यांनी ११८ एनई ही नवी गाडी काढली, पद्मिनीला डिझेल इंजिन दिलं, फ्लोअर गियर दिला, कल्याणला प्युजो ही फ्रेंच गाडी आणली, १९९६ मध्ये फियाटच्याच उनो गाडीसाठी तर लाखांत बुकिंग झालं, पण संप आणि भांडणं यांत ते सगळं विरलं. पद्मिनी २००० च्या आसपास थांबली, कुर्ल्याच्या त्या जागेवर आता टॉवर आहेत.

आता मूळ वादाकडे येतो. विंटेज हा शब्द आपण ब्रिटिशांकडून घेतला आणि त्यांच्याकडे तो अगदी घट्ट आहे, १९१९ ते १९३० मध्ये बनलेली गाडी ती विंटेज, त्याआधीची वेटरन, बास. जागतिक पातळीवर तीस वर्षं झाली की गाडी ऐतिहासिक धरतात, मग ती कुठलीही असो. आपल्या रॅल्यांमध्ये साधारण १९३९ पर्यंतची विंटेज आणि त्यानंतर सत्तरपर्यंतची क्लासिक असा हिशोब चालत आला. या हिशोबात डुक्कर आणि डिलाइट क्लासिकमध्ये बसतात पण पद्मिनी कुठेच नाही. घरोघरी जी गाडी होती तीच नेमकी रांगेबाहेर!

मग जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणला आणि पहिल्यांदा विंटेजची सरकारी व्याख्या झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठी उलथापालथ न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. गाडी रोज रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

नियम आला हे चांगलंच झालं, त्याआधी जुन्या गाडीच्या कागदांसाठी किती खेटे घालावे लागायचे ते मी बघितलंय. पण व्याख्येतला प्रत्येक शब्द फियाटला आडवा येतो. ‘पहिल्या नोंदणीपासून’ म्हणजे वय मोजायचं ते कागदावरून, आणि गावाकडच्या कितीतरी डिलाइटची मूळ पुस्तकं पुरात, वाटण्यांत, घरं बदलताना गेली. ‘मूळ रूपात’ म्हणजे पेट्रोल महाग झालं तेव्हा ज्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं त्या गाड्या अडकल्या, खरं तर तोच त्या गाडीचा खरा इतिहास आहे, तिने घर चालवलं म्हणून ती बदलली. ‘खासगी वापराची’ म्हणजे टॅक्सी गेली. आणि रोज चालवायची नाही ही अट तर फियाटवाल्याला सगळ्यात जड जाते, कारण ही गाडी उभी राहिली की बिघडते, आठवड्यातून एकदा तरी फेरी मारावीच लागते.

पंधरा आणि पन्नास वर्षांमधल्या गाड्यांचं तर कुणीच नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, वर ग्रीन टॅक्स. मोटारीची ती फी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार केली. म्हणजे १९८८ ची पद्मिनी जपणाऱ्याने २०३८ पर्यंत जुन्या भंगार गाडीचा दर भरायचा आणि मग एका दिवसात ती वारसा होणार. जगात तीस वर्षं पुरतात तर आपल्याला पन्नास का, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे, पण महिन्याला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला एकच पट्टी लावायची नसते.

टॅक्सीचा निकाल तर त्याआधीच लागला होता. २००८ मध्ये राज्याने टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा घातली, २०१३ मध्ये ती वीसवर आणली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही नाही. त्याच्या दीडच महिना आधी जुनी डिझेलवाली डबल डेकर गेली होती. निदान एक टॅक्सी तरी रस्त्यावर नाहीतर संग्रहालयात ठेवा अशी मागणी तेव्हा बऱ्याच लोकांनी केली.

व्हीएच्या हिशोबाने पहिल्या पद्मिन्यांची, म्हणजे १९७४ वाल्यांची, पन्नाशी २०२४ पासून भरायला लागली आहे. ज्यांच्याकडे त्या वर्षाचं पुस्तक आहे त्यांनी ते आधी लॅमिनेट करू नका, मूळ कागद तसाच ठेवा, शिक्के वाचता यायला हवेत. आमच्या बाबांची १९७९ ची, काळ्या प्लेटवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर होता तिचा, ती प्लेट मी काढून घरात ठेवलीय. गाडी अजून दर रविवारी चालू करतो आणि २०२९ मध्ये अर्ज करणार आहे, तोच जुना नंबर ठेवून.