वायुसामर्थ्याचे आधुनिकीकरण आणि ग्रामीण विदर्भ

वायुसामर्थ्याचे आधुनिकीकरण : प्रतिस्पर्धी राष्ट्रांच्या हवाई दलांशी बरोबरी राखता यावी म्हणून विमाने, क्षेपणास्त्रे, मानवरहित विमाने, दारूगोळा, धावपट्ट्या व दुरुस्तीची व्यवस्था यांत वेळोवेळी केला जाणारा बदल. भारतात या बदलाची चर्चा बहुधा विमानखरेदीभोवती फिरते. जमिनीवरची बाजू, म्हणजे स्फोटके बनवणे, ती साठवणे व विमाने उडती ठेवणे, तुलनेने दुर्लक्षित राहते. या बाजूचा मोठा भाग नागपूर, वर्धा, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांत एकवटलेला आहे आणि त्यातले पुष्कळसे काम गावांच्या शिवारात चालते. प्रस्तुत नोंद तेवढ्यापुरती आहे. विमानांचे प्रकार व हवाई युद्धतंत्र यांचा विचार येथे केलेला नाही.

भारतीय वायुसेनेला लढाऊ विमानांची ४२ पथके मंजूर आहेत. एका पथकात साधारणतः १६ ते १८ विमाने धरतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला, त्यानंतर पथकांची संख्या २९ वर आली. चीनकडे जे-२० हे रडारला सहज न सापडणारे विमान २०१७ पासून सेवेत आहे आणि पाकिस्तानने २०२२ मध्ये चिनी बनावटीचे जे-१०सी घेतले. भारताने २०१६ च्या करारानुसार ३६ राफेल घेतली. तेजस मार्क-१ए ची ८३ विमाने २०२१ मध्ये आणि आणखी ९७ विमाने २०२५ मध्ये मागवली. ही तूट आणि तिची भरपाई सर्वपरिचित असल्याने अधिक तपशील दिलेला नाही.

धावपट्ट्यांचा उगम : विदर्भातील जुन्या धावपट्ट्यांच्या कालनिश्चितीबाबत एकवाक्यता नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा आरंभ काही ठिकाणी १९१७-१८ असा दिला जातो. हे साल खोडून काढण्याजोगा पुरावा नसला, तरी त्याचा अर्थ बेताने लावावा लागतो. ब्रिटिशांचे ३१ क्रमांकाचे विमानपथक डिसेंबर १९१५ मध्ये भारतात आले आणि त्याचे काम वायव्य सरहद्दीवर होते. मध्य प्रांतात त्या काळी कायमचा हवाई तळ असण्याचे कारण दिसत नाही. तेव्हा पहिल्या महायुद्धातील ‘विमानतळ’ म्हणजे लांबच्या प्रवासात विमान उतरवण्यापुरते सपाट केलेले मैदान असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आज ज्याला विमानतळ म्हणतात त्या स्वरूपाच्या इमारती व सोयी दुसऱ्या महायुद्धात झाल्या. त्या वेळी सोनेगाव हे ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचे टप्प्याचे ठिकाण होते.

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किमी.वर, कामठा गावाजवळ असलेल्या बिरसी धावपट्टीचा वाद यापेक्षा अवघड आहे. ती ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो सालाबद्दल. १९४० हे साल पुष्कळदा उद्धृत होते. परंतु १९४० मध्ये भारताच्या पूर्वेकडून हवाई हल्ल्याची भीती नव्हती. जपान डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरला, ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बॉम्ब पडले. यानंतरच भारतभर दोनशेहून अधिक धावपट्ट्यांचा कार्यक्रम घाईने हाती घेण्यात आला. किनाऱ्यापासून आत, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर, पण रेल्वेने कोलकात्याशी जोडलेली जागा त्यासाठी सोयीची होती. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेवरचे जंक्शन होते आणि तेथून जबलपूरकडे अरुंद मापाचा फाटा जात होता. इंधनाची पिंपे, खडी व मजूर आणण्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा आसपास क्वचितच मिळाली असती. या सर्वांचा विचार करता मूळ पाहणी आधीची मानली तरी प्रत्यक्ष बांधकाम १९४२ नंतरचे धरणे इष्ट वाटते. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीचे साल १९४३ दिले जाते, ते याच चौकटीत बसते.

या पट्ट्यांवरून युद्धात नेमकी किती उड्डाणे झाली याविषयी विश्वासार्ह साधने तुटपुंजी आहेत. स्वातंत्र्यानंतर सोनेगावला १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालसेवेचे केंद्र झाले. मुंबई, दिल्ली, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत आणि टपालाच्या थैल्या बदलून परत जात. भूगोलाचा हाच फायदा पुढे लष्करानेही घेतला. बिरसी मात्र दीर्घकाळ पडून होती. सार्वजनिक बांधकाम खाते, त्यानंतर १९९८ पासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि २००५ च्या अखेरीपासून भारतीय विमानतळ प्राधिकरण असा तिचा ताबा बदलत गेला. सध्या तेथे वैमानिक प्रशिक्षण चालते. ते नागरी स्वरूपाचे आहे.

दारूगोळा : आधुनिक विमान कितीही महाग असले तरी त्याखाली टांगलेल्या बॉम्बचे वा क्षेपणास्त्राचे पोट भरावेच लागते. हे काम शहरात करता येत नाही. स्फोटकांच्या इमारतींमध्ये किती अंतर असावे, त्यांपासून वस्ती, रस्ता व रूळ किती लांब असावेत हे साठ्याच्या वजनावरून ठरते. साठा वाढला की अंतर वाढते, म्हणून जमीन मोठी लागते. सरहद्दीपासून दूर, रेल्वेच्या जवळ आणि विरळ वस्तीची जागा, या तिन्ही अटी विदर्भात पूर्ण होतात.

पुलगाव (जि. वर्धा) येथील केंद्रीय दारूगोळा भांडार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग व वर्धा नदी यांचा शेजार त्यामागे आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ७,००० एकर सांगितले जाते आणि आशियातील सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते. परिसरातील लोक त्याला नुसते ‘डेपो’ म्हणतात. चीनशी १९६२ मध्ये झालेल्या युद्धानंतर जवाहरनगर (जि. भंडारा), भद्रावती (जि. चंद्रपूर) व नागपूरलगतच्या अंबाझरी येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. जवाहरनगरला प्रणोदके (अग्निबाण वा गोळा पुढे ढकलणारे ज्वलनशील पदार्थ) व स्फोटके, भद्रावतीला तोफगोळे व अन्य दारूगोळा आणि अंबाझरीला गोळ्यांचे व अग्निबाणांचे धातूचे भाग असे स्थूल कामविभाजन दिसते. विमानातून टाकायचे मोठे बॉम्ब प्रामुख्याने जबलपूरजवळच्या खमरिया निर्माणीत भरले जातात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडारा व चंद्रपूरच्या निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे, तर अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेली. यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपुरात आहे.

भरण्याची क्रिया बाहेरून साधी दिसते. टीएनटी हे स्फोटक सुमारे ८० अंश सेल्सियसला वितळते आणि आपोआप पेट घेण्याचे त्याचे तापमान याच्या कितीतरी वर असते, म्हणून वाफेच्या उष्णतेने ते पातळ करून ओतता येते. अडचण थंड होताना येते. घट्ट होताना ते आकसते आणि आत पोकळी राहते. विमानातून सुटताना किंवा तोफेतून उडताना बसणाऱ्या धक्क्याने अशी पोकळी एकाएकी दाबली गेली, तर माल वेळेआधी फुटू शकतो. यासाठी थंड होण्याचा वेग सांभाळतात आणि नंतर क्ष-किरणांनी तपासणी करतात. क्षेपणास्त्रांच्या घन इंधनाचे तंत्र वेगळे आहे. ज्वलनास ऑक्सिजन पुरवणारा क्षार, ॲल्युमिनियमची भुकटी व रबरासारखा बांधणारा पदार्थ यांचे दाट मिश्रण नळीत ओतून कित्येक दिवस मंद उष्णतेत मुरवतात. त्यात केसाएवढी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतील दाब मर्यादेबाहेर जातो आणि नळी फुटते. विदर्भाचा कोरडा उन्हाळा या कामाला वरवर अनुकूल वाटतो. पावसाळ्यात मात्र हवेतील ओलावा यंत्रांनी काढावा लागतो.

साठवणुकीत उष्णता हाच मुख्य शत्रू आहे. पुलगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशुद्ध टीएनटी उष्णतेत तेलकट होऊन पाझरू लागते आणि असा पाझर मूळ मालापेक्षा धोकादायक असतो. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या एका कोठारात आग लागून किमान १६ जण मृत्युमुखी पडले, त्यांत अधिकारी व अग्निशमन दलाचे जवान होते. त्यानंतर सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून होणाऱ्या पाझराची बाब पुढे आली. आगीच्या वेळी आसपासच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली होती.

मुदत संपलेला माल नष्ट करणे हे आधुनिकीकरणाचे अटळ अंग आहे, कारण नवा दारूगोळा आला की जुना हटवावा लागतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर असा जुना माल उतरवताना स्फोट होऊन सहा जण दगावले. मृतांत आसपासच्या गावांतील मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव (जि. नागपूर) परिसरातील खाजगी कारखान्यात नऊ कामगारांचा मृत्यू झाला, त्यांपैकी सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथे आठ जण मृत्युमुखी पडले. वायुसामर्थ्यावरील लिखाणात पथकांची संख्या बारकाईने मोजली जाते, तशी या मृतांची नावे व अपघातांची कारणेही नोंदली जाणे आवश्यक आहे. स्फोटके भरणाऱ्या व बांधणाऱ्या हातांची सुरक्षितता हा उत्पादनक्षमतेचाच घटक आहे.

देखभाल व सुटे भाग : वायुसेनेची देखभाल कमान (मेंटेनन्स कमांड) २६ जानेवारी १९५५ रोजी कानपूर येथे स्थापन झाली व पुढे नागपूरला हलली. देशभरातील दुरुस्ती आगारे तिच्या अखत्यारीत येतात. नाशिकजवळच्या ओझर येथील आगार त्यांपैकी एक असून तेथे मिग-२९ व सुखोई-३० यांची कामे होतात. पथके कमी असताना उपलब्ध विमानांपैकी किती रोज उडू शकतात यालाच खरे महत्त्व येते, त्यामुळे या कमानीचे स्थान एरवी समजले जाते त्याहून मोठे मानावे लागेल. नागपूरलगतच्या मिहान या मालवाहतूक व औद्योगिक प्रकल्पात दसॉ रिलायन्स एअरोस्पेस या, राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दसॉ व रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी झाली. तेथे फाल्कन या खाजगी जेटचे व राफेलचे काही भाग तयार होतात. फाल्कन-२००० ची अंतिम जोडणी नागपुरात करण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली.

मानवरहित अस्त्रे : हवेतून मारा करण्याची क्षमता आता वायुसेनेपुरती राहिलेली नाही. नागपूर परिसरात तयार होणारे नागास्त्र-१ हे लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे अस्त्र भूदलासाठी आहे. ४८० नगांच्या मागणीपैकी १२० नगांची पहिली खेप २०२४ मध्ये देण्यात आली. निर्मात्यांच्या माहितीनुसार त्याचे वजन सुमारे ९ किग्रॅ. असून ते १ किग्रॅ. स्फोटक वाहते आणि सुमारे अर्धा तास हवेत राहते. माणसाच्या नियंत्रणाखाली त्याचा पल्ला १५ किमी. असतो. लक्ष्य न सापडल्यास ते हवाई छत्रीने परत उतरवता येते. रणांगणावर याहून कितीतरी महाग बॉम्बचे काम असे स्वस्त अस्त्र कितपत करू शकेल, याबाबत तज्ज्ञांत मतभिन्नता आहे. युक्रेनमधील युद्धाचा अनुभव त्याच्या बाजूने जातो, तरी डोंगराळ सरहद्दीवर तो जसाच्या तसा लागू होईल असे मानू नये. याच नागपूर परिसरातील भार्गवास्त्र या ड्रोनविरोधी लहान अग्निबाणांची चाचणी १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपालपूर येथे झाली.

जमीन व गावे : डेपो, निर्माणी व विमानतळ यांसाठी गेलेल्या जमिनींविषयी सलग अभ्यास थोडे आहेत. मिहानसाठी नागपूरच्या दक्षिणेकडील शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव व कलकुही या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शिवणगावचे पुनर्वसन दीर्घकाळ रेंगाळले. बिरसी येथेही विमानतळाच्या विस्तारासोबत गावकऱ्यांच्या पुनर्वसनाची मागणी सुरू राहिली. बिरसीहून प्रवासी विमानसेवा मार्च २०२२ मध्ये सुरू होऊन थांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी उड्डाणे होऊ लागली असून तेथेही वैमानिक प्रशिक्षण संस्था नियोजित आहे.