एकच जोंकियेर, दोन मतदारसंघ

2007 साली कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या जोंकियेरमधून पार्ती क्युबेक्वाचे सिल्व्हँ गोद्रो निवडून आले. क्युबेकनं कॅनडातून वेगळं होऊन स्वतंत्र देश व्हावं, असं मानणारा हा पक्ष. पण त्याच्या एक वर्ष आधी आणि एक वर्ष नंतर, म्हणजे 2006 आणि 2008 मध्ये, जोंकियेरच्या लोकांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या झाँ-पिएर ब्लॅकबर्न यांना विजयी केलं होतं, आणि हा पक्ष तर कॅनडा एकसंध ठेवणारा. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, हे मतदार लहरी आहेत. मला तसं अजिबात वाटत नाही. जोंकियेर नावाचे मतदारसंघ मुळात दोन आहेत आणि ते एकच समजल्यामुळे हा गैरसमज होतो.

एक संघीय मतदारसंघ, तो कॅनडाची राजधानी ओटावा इथल्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासदार पाठवतो. दुसरा प्रांतिक, त्याचा आमदार क्युबेक शहरातल्या नॅशनल असेंब्लीत बसतो. आपल्याकडे बारामती लोकसभा आणि बारामती विधानसभा असते तसंच हे, पण एक महत्त्वाचा फरक आहे. महाराष्ट्रात विधानसभेचे सहा अख्खे मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक होतो, 288 आणि 48 चा हिशेब तिथूनच येतो. क्युबेकमध्ये असा मेळ नाही. प्रांतिक जागा 125, संघीय जागा 78, आणि दोन्ही नकाशे दोन वेगवेगळे आयोग आपापल्या वेळापत्रकानं आखतात. त्यामुळे सीमा एकमेकींना कुठेही कापत जातात. 2004 ते 2015 या काळात संघीय मतदारसंघाचं नाव जोंकियेर-अल्मा होतं, कारण शेजारचं अल्मा शहर त्याला जोडलेलं होतं. प्रांतिक निवडणुकीत मात्र अल्माचे लोक लाक-साँ-झाँ मतदारसंघात मत देत होते. म्हणून या दोन जोंकियेरचे निकाल शेजारी ठेवताना मतांची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नसतो. फक्त कल पाहायचा.

मतदार मात्र बऱ्याच अंशी तेच. सागने नदीच्या खोऱ्यातला हा कामगारांचा मुलूख आहे. केनोगामीची कागद गिरणी, आणि 1926 पासून अ‍ॅल्युमिनियमसाठी मुद्दाम वसवलेलं आर्विदा. हा कारखाना पुढे अल्कानचा झाला आणि 2007 मध्ये रिओ टिंटोकडे गेला. 2002 पासून जोंकियेर हे वेगळं शहर उरलेलं नाही, ते सागने शहराचा एक भाग आहे. इथे शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त माणसांची मातृभाषा फ्रेंच आहे. माँट्रियलच्या रस्त्यावर फ्रेंच आणि इंग्रजीची ओढाताण रोज दिसते, तशी ती इथे दिसत नाही. माझ्या मते म्हणूनच इथल्या मतदाराला भाषेइतकीच रोजगाराची, विजेची आणि क्युबेकच्या मानाची काळजी असते.

पक्षांची नावं हा गोंधळाचा दुसरा थर. पार्ती क्युबेक्वा आणि ब्लॉक क्युबेक्वा दोघेही क्युबेकच्या स्वातंत्र्याचे, पण हे एकाच पक्षाचे दोन विभाग नाहीत, दोन वेगळे पक्ष आहेत. पहिला फक्त प्रांतिक निवडणूक लढवतो, दुसरा फक्त संघीय. ब्लॉक क्युबेकबाहेर एकही उमेदवार उभा करत नाही, त्यामुळे कॅनडाचं सरकार तो कधीच बनवू शकत नाही आणि त्याच्या मतदारालाही हे पक्कं ठाऊक असतं. क्युबेक लिबरल पक्ष आणि कॅनडाचा लिबरल पक्ष हेही वेगळे आहेत. 2018 मध्ये प्रांतात सत्तेवर आलेल्या कोअलिसियाँ आव्हनीर क्युबेक या पक्षाचं तर ओटावात काहीच नाही.

आता प्रांतिक इतिहास पाहा. 1960 ते 1976 इथे लिबरल पक्षाचे जेराल्ड हार्वे होते. 1976 मध्ये पार्ती क्युबेक्वाचे नेते रने लेव्हेक यांच्या लाटेत त्या पक्षाचे क्लोद व्हायांकूर आले आणि पुढे असेंब्लीचे अध्यक्षही झाले. 1983 च्या पोटनिवडणुकीत जागा पुन्हा लिबरलांकडे गेली. 1985 मध्ये पार्ती क्युबेक्वाची प्रांतभर धूळधाण झाली, पण नेमक्या त्याच वर्षी जोंकियेरनं त्या पक्षाचे फ्रान्सिस द्यूफूर निवडले. पुढे 2001 ते 2007 लिबरल पक्षाच्या फ्रान्स्वाझ गोतिए, मग पंधरा वर्षं गोद्रो, आणि 2022 मध्ये कोअलिसियाँचे यानिक गान्यों.

संघीय बाजूची गोष्ट वेगळीच आहे, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. 1980 मध्ये इथून लिबरल खासदार निवडून आला, तो शेवटचा. 1982 मध्ये लिबरल पंतप्रधान पिएर त्रूदो यांच्या सरकारनं क्युबेकच्या संमतीशिवाय राज्यघटना ब्रिटनकडून मायदेशी आणली, आणि त्यानंतर हा पक्ष इथे पुन्हा जिंकलेला नाही. 1984 मध्ये ब्लॅकबर्न पहिल्यांदा निवडून आले ते ब्रायन मलरोनी यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून. क्युबेकला सन्मानानं घटनेत सामील करून घेऊ, असं मलरोनी सांगत होते, आणि खुद्द लेव्हेक यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा धोका पत्करायची तयारी दाखवली होती. म्हणजे 1985 मधलं पार्ती क्युबेक्वाचं मत आणि 1984 मधलं कॉन्झर्व्हेटिव्ह मत, या दोहोंत विसंगती नव्हती. राग एकच होता. ज्या निवडणुकीत तो ज्याच्यामार्फत व्यक्त होऊ शकला, त्याला मत मिळालं.

हा घटनेचा समेट 1990 मध्ये मोडला. मलरोनींच्या मंत्रिमंडळातले लुसियँ बुशार बाहेर पडले आणि त्यांनी ब्लॉक क्युबेक्वा उभा केला. 1993 मध्ये ब्लॉकनं क्युबेकच्या 75 पैकी 54 जागा जिंकल्या आणि ओटावात प्रमुख विरोधी पक्षाची जागा घेतली. जोंकियेरही ब्लॉककडे गेलं. ऑक्टोबर 1995 च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूला प्रांतभरात 49.42 टक्के मतं पडली, म्हणजे निसटता पराभव. त्यानंतर शेजारच्या लाक-साँ-झाँचे खासदार असलेले बुशार ओटावा सोडून क्युबेकचे मुख्यमंत्री झाले. असेंब्लीत बसायला त्यांना जागा हवी होती. द्यूफूर यांनी आपली सोडली आणि 1996 मध्ये बुशार जोंकियेरचे आमदार झाले. 2001 पर्यंत ते तिथेच होते. या काळात दोन्ही जोंकियेर एकाच दिशेला होती, आणि बाहेरच्यांची समजूत बहुधा याच वर्षांवरून बनलेली आहे.

बुशार गेल्यावर दोन्ही वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. 2004 मध्ये प्रांतात लिबरल आमदार असताना ओटावात ब्लॉकचा खासदार निवडून गेला. 2006 मध्ये ब्लॅकबर्न परतले आणि कामगारमंत्री झाले. 2011 मध्ये एनडीपीनं, म्हणजे डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीनं, क्युबेकमध्ये 59 जागा घेतल्या, त्यात इथले क्लोद पात्री होते, अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातले कामगार पुढारी. 2013 मध्ये ते स्वतःच ब्लॉकमध्ये गेले. 2015 मध्ये एनडीपीच्याच कारीन त्रूदेल आल्या, त्या टपाल खात्यातल्या. 2019, 2021 आणि 2025 मध्ये ब्लॉकचे मारियो सिमार.

या यादीत मला एक सूत्र दिसतं. क्युबेक शहरातल्या असेंब्लीसाठी मत देताना जोंकियेरचा माणूस सरकार निवडतो. दवाखाने, शाळा, नद्यांचं पाणी आणि वीज हे सगळं प्रांताच्या हातात असतं. ओटावासाठी मत देताना तो आपली बाजू मांडणारा शोधतो. व्यापार करार, आयात-निर्यातीचे कर, बेरोजगार विमा हे तिथे ठरतं, आणि तिथलं सरकार कोणाचं असेल ते एकटं क्युबेक क्वचितच ठरवू शकतं. 2025 चीच निवडणूक घ्या. मार्चमध्ये अमेरिकेनं अ‍ॅल्युमिनियमवर 25 टक्के कर लावला, त्याचा थेट घाव आर्विदावर. एप्रिलमध्ये लिबरल लाटेत ब्लॉकच्या क्युबेकमधल्या अनेक जागा गेल्या, जोंकियेरची मात्र टिकली. त्या दिवशी इथला प्रांतिक आमदार स्वातंत्र्याचा आग्रह नसलेल्या कोअलिसियाँचा होता.