झाडाने गिळलेला खिळा

लाकडाच्या वखारीत बँडसॉ, म्हणजे अखंड फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची यांत्रिक करवत, चालू असताना त्याचा एक सलग सूर लागलेला असतो. मधेच ‘टण्’ असा आवाज आला, ठिणगी उडाली, की गप्पा मारणारेही थांबतात. ओंडक्यात खिळा निघालेला असतो. पातं उतरवायचं, धारेला पाठवायचं, दुसरं चढवायचं. तोवर गिरणी बंद. पातंच तुटलं तर मात्र ते कुठे उडेल याचा नेम नसतो.

आता गंमत अशी की खिळा मऊ लोखंडाचा आणि करवतीचा दात त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, तोच खिळा आरामात कापते. मग इथे नुकसान दाताचं का?

एक कारण वेग. हाताने ओढलेली करवत सेकंदाला साधारण एक मीटर सरकते. गिरणीतलं पातं सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतं, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे पन्नासपट वेगाला तेवढ्याच वजनाची धडक अडीच हजारपट जोराची. शिवाय लाकूड चिरणारा दात मोठा आणि टोकाला निमुळता असतो, तो दरवेळी जाडसर घास घेतो. लाकडाचा तेवढा घास त्याला सहज जातो, लोखंडाचा पेलत नाही. हॅक्सॉचे दात बारीक, त्यामुळे तिचा घासही बारीक. त्यात भर उष्णतेची. साधं कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंशांपुढे तापलं की त्याचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कठीणपणा, उतरायला लागतं, हे कुठलाही लोहार सांगेल. टंगस्टन कार्बाइडचे दात तापमान सोसतात, पण ते ठिसूळ; खिळ्यावर आपटले की त्यांचा टवका उडतो.

हा खिळा आत जातो कसा? आपणच घालतो. शिकवणीची पाटी, निवडणुकीचा फलक, बांधावरच्या कडुनिंबाला ठोकलेली काटेरी तार, करणीच्या नावाने ठोकलेलं लिंबू. झाड जाड होतं ते सालीच्या लगेच आत असलेल्या एका पातळ जिवंत थरामुळे. हा थर आतल्या बाजूला नवं लाकूड घालत राहतो. खिळा बाहेर ढकलला जात नाही. लाकूड त्याच्याभोवती वाढतं आणि काही वर्षांत वरून साल मिटते. उंचीही बदलत नाही, कारण झाड उंच होतं ते शेंड्याकडून. छातीएवढ्या उंचीवर ठोकलेला खिळा तीस वर्षांनीही छातीएवढ्याच उंचीवर सापडतो. म्हणजे बहुतेक धातू बुंध्याच्या खालच्या सात-आठ फुटांत, आणि चांगल्या रुंद फळ्या नेमक्या तिथूनच निघतात.

जाणता मिस्त्री आधी ओंडक्याची कापलेली तोंडं बघतो. तिथे निळसर काळा डाग दिसला की तो सावध होतो. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य, आणि गंजणारं लोखंड एकत्र आलं की काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून शाई करत, त्यातही हेच रसायन. बाभूळ, खैर अशा टॅनिनवाल्या लाकडात हा डाग खिळ्यापासून उभ्या रेषांत बराच लांब पसरतो, म्हणून खिळा दिसला नाही तरी त्याची चाहूल लागते. पितळ किंवा ॲल्युमिनियम मात्र असा काळा माग सोडत नाही.

तिथे मेटल डिटेक्टर लागतो. त्यातली तारेची वेटोळी बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यामुळे जवळच्या धातूत भोवरे प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे वीजप्रवाह, निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र यंत्राला जाणवतं. लोहचुंबक नुसतं लोखंड पकडतं, डिटेक्टर पितळही पकडतो. पण अंतर वाढलं की तो झपाट्याने हतबल होतो. लहान वस्तूसाठी संदेश अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. दुप्पट खोल गेलेला खिळा चौसष्टपट मंद ‘बोलतो’. म्हणून ओंडका चारही बाजूंनी तपासायचा, आणि एकेक फळी पाडली की पुन्हा. सालीतली माती आधी झाडून टाकावी हे बरं: आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, त्याच्या खड्यानेही यंत्र फसतं. उलट चिनी मातीचा तुकडा आत असेल तर यंत्र चकार शब्द काढत नाही. युरोपातल्या काही मोठ्या गिरण्या मुख्यतः आतल्या गाठी आणि दोष बघायला ओंडक्यांचं सीटी स्कॅन करतात; त्यात असा तुकडाही दिसू शकतो.

फ्रान्सच्या ईशान्य भागात तर हा प्रश्न युद्धाने ठेवून दिला आहे. व्होझ डोंगरांतल्या जंगलात 1914-18 आणि 1944-45 या दोन्ही काळांत तोफगोळे पडले. त्यांचे तुकडे पोटात घेऊन वाढलेल्या लाकडाला तिथे ‘ब्वा मित्राये’, म्हणजे गोळीबार झालेलं लाकूड, असं नावच आहे, आणि त्याला भाव कमी मिळतो. शिशाची गोळी मऊ असते, पातं ती बऱ्याचदा कापून जातं. पोलादी तुकडा दात घेतो.

जुन्या वाड्याचं सागवान घेणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात भेटतं: डोकं तुटलेले, रंगाखाली आणि लांबीखाली (पुट्टीखाली) दडलेले खिळे. तिथे आधी सगळे उपटायचे, मगच रंधा. अर्थात सागात सिलिका असते, त्यामुळे खिळा नसला तरी धार बोथट होतेच. दोष दरवेळी खिळ्याचा नसतो.

सापडलेल्या जागेवर खडूने खूण करतात, पटाशीने खोदून खिळा काढतात. फारच खोल असेल तर तेवढा तुकडा कापून जळणात टाकतात. सागाची वर्षवलयं स्पष्ट असतात. खिळा झाकल्यानंतरची वलयं मोजली, की साल मिटून किती वर्षं झाली ते समजतं. पाटी कुणाची होती, ते मात्र वलयांत नसतं.