पुरुष जननसंस्था

शिश्न, वृषणे, शुक्राणू वाहून नेणाऱ्या नलिका आणि वीर्यात स्राव मिसळणाऱ्या ग्रंथी मिळून पुरुषाची जननसंस्था होते. मूत्र आणि वीर्य यांची शरीराबाहेर पडण्याची वाट एकच असते. मात्र स्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड घट्ट आवळले जाते, त्यामुळे दोन्ही एकत्र होत नाहीत.

या संस्थेचा सर्वांत गैरसमजांनी वेढलेला भाग म्हणजे शिश्नाचा ताठरपणा. शिश्नात हाड नसते आणि जोर लावून ताणता येईल असा स्नायूही नसतो. आत स्पंजासारख्या ऊतकाचे तीन लांबट स्तंभ असतात. वरचे दोन ताठरतेचे मुख्य काम करतात, तर खालच्यातून मूत्रमार्ग जातो आणि त्याचेच पुढचे टोक म्हणजे शिश्नमुंड. एरवी या स्तंभांतल्या धमन्या व पोकळ्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळलेले असतात आणि रक्त जेमतेम आत येते. स्पर्शाने, नुसत्या विचारानेही, मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. त्याने हे स्नायू सैल पडतात, धमन्या उघडतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेल्या ऊतकाखाली बाहेरच्या चिवट आवरणाला लागून असलेल्या शिरा दबतात, रक्त परत फिरू शकत नाही आणि शिश्न ताठ राहते.

म्हणजे ताठ होण्यासाठी आतले स्नायू सैल व्हावे लागतात. ही क्रिया इच्छेच्या हुकुमाने होत नाही. ‘आज जमेल ना?’ या धास्तीने शरीरात अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये वाढली की तेच स्नायू पुन्हा आवळतात. पहिल्या रात्रीच्या फजितीचे कारण बहुधा एवढेच असते. निरोगी पुरुषाला झोपेतही रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, तेही बहुतेकदा स्वप्नांच्या झोपेत. पहाटे ताठरता येते पण जोडीदारासोबत येत नाही, असे कोणी सांगितले तर डॉक्टरांचा रोख आधी मनाकडे वळतो.

नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे ताठरतेसाठीचे औषध अमेरिकेत बाजारात आले. ते हा निरोप जास्त वेळ टिकवते, इच्छा निर्माण करत नाही. छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर घेण्याची ही गोळी नव्हे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात. मधुमेह, तंबाखू किंवा रक्तदाबाने वाहिन्या खराब होऊ लागल्या की तक्रार आधी इथे दिसते. चाळिशीनंतर हळूहळू वाढत जाणारी ताठरतेची अडचण हृदय तपासायला पुरेसे कारण आहे.

वृषणांत शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होतात. शुक्राणू बनण्यासाठी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून वृषणे बाहेर वृषणकोशात असतात. थंडीत तो आकसतो, उन्हाळ्यात सैल सुटतो. एक वृषण, बहुधा डावे, थोडे खाली लोंबते, त्यात काही वावगे नाही. वृषणाच्या मागे हाताला लागणारी मऊ दोरीसारखी गुंडाळी म्हणजे अधिवृषण. ही नलिका उलगडली तर सुमारे सहा मीटर भरते. शुक्राणू बनायला साधारण अडीच महिने लागतात आणि या गुंडाळीतून जाताना ते पक्व होतात. वृषणात एकाएकी तीव्र कळ आली, सोबत उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्याची शक्यता सर्वाधिक, त्यामुळे मुलाने लाजून रात्रभर कळ सोसणे परवडत नाही.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बहुतेक द्रव शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचा असतो आणि तो सतत नव्याने तयार होतो. चाळीस थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य बनते ही समजूत शरीरशास्त्रात कुठेच बसत नाही. तरी ‘धातू जातो’, म्हणजे वीर्य वाया जाते, या भीतीने खंगत चाललेले तरुण डॉक्टरांकडे येतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत चिकटवलेली ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’ अशी स्टिकरे याच भीतीवर जगतात. स्वप्नदोष, म्हणजे झोपेत आपोआप वीर्य बाहेर पडणे, हा नावापुरता दोष आहे, आजार नव्हे. हस्तमैथुनाने शिश्न वाकडे किंवा लहान होत नाही.

या विषयावर मराठीत उघडपणे बोलण्याची सुरुवातही याच शहरात झाली. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, मासिक मात्र बंद पडले नाही.

पुढे १९६०च्या दशकात मुंबईतल्या गर्दीच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे लागली. नसबंदीत फक्त शुक्रवाहिन्या बांधल्या किंवा कापल्या जातात. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जात असल्याने त्यावर परिणाम होत नाही. ताठरता, स्खलन, सुख तसेच राहते आणि अडलेले शुक्राणू शरीरातच विरून जातात. नलिकेत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून वीर्य तपासून खात्री होईपर्यंत, साधारण तीन महिने, निरोध वापरावा लागतो.