सायकलची रिम : ॲल्युमिनियम की कार्बन

रिम म्हणजे सायकलच्या चाकाचे बाहेरचे कडे. टायर तिच्यावर बसतो, स्पोक तिला आतून ताणून धरतात आणि अनेक सायकलींत ब्रेकचे रबरही तिलाच घासते. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना लाकडी रिम असत. १९३४ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या आंतोनँ मान्यने ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम वापरली, आणि नियमाची अडचण नको म्हणून तिला लाकडासारखा रंग फासला होता, असे सांगतात.

ॲल्युमिनियमची रिम करताना मिश्रधातूची पोकळ पट्टी गोल वळवतात आणि टोके वेल्डिंगने किंवा आत खिळ घालून जोडतात. कार्बनच्या रिममध्ये इपॉक्सी रेझिन या चिकट राळेने भिजलेल्या कार्बन तंतूंचे थर साच्यात रचून उष्णता व दाब देतात. थर रचण्याचे काम बहुतांशी हातानेच होते. किमतीतल्या तफावतीचे हे एक मोठे कारण.

निवडीआधी सायकलीचा ब्रेक पाहावा, वजनकाटा नंतर. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरले, तर ५०० मीटर उंचीचा घाट उतरताना सुमारे ३९० किलोजूल ऊर्जा मोकळी होते. काही भाग हवेच्या विरोधात जातो, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होते. ॲल्युमिनियम ती झटकन पसरवते. कार्बनच्या थरांतून उष्णता आरपार जाणे कठीण, त्यामुळे पृष्ठभाग तापतो, रेझिन मऊ पडते आणि टायरच्या दाबाने रिमची कड फुगू शकते. कार्बनसाठी वेगळे ब्रेक पॅड लागतात, तरीही पावसात पकड उशिराच येते. ॲल्युमिनियमची रिम घासून झिजते खरी, पण अनेक रिमवर झीज दाखवणारी खाच असते. डिस्क ब्रेक रिमला न घासता चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला पकडतात, त्यामुळे ते असले की हा सगळा प्रश्नच मिटतो. रोड शर्यतींत त्यांना २०१८ मध्ये पूर्ण मान्यता मिळाल्यावर कार्बनचा मार्ग मोकळा झाला.

कार्बनचा खरा फायदा आकारात आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना मुख्य विरोध हवेचा असतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५० मिलिमीटर खोल रिम, म्हणजे टायरपासून आत मध्याकडे तेवढी रुंद असलेली, हवा नीट कापते. तेवढी खोल रिम ॲल्युमिनियमची केली तर जड होते. कार्बनची हलकी राहते. बाजूचा वारा मात्र खोल रिमला, विशेषतः पुढच्या चाकाला, ढकलतो.

वजनाचा गाजावाजा त्या मानाने फार. रिम पुढे जाता जाता फिरतेही, म्हणून वेग घेताना तिचे वजन जवळपास दुप्पट मोजावे लागते, हे खरे. पण दोन्ही चाकांत मिळून २०० ग्रॅम वाचले तरी ८० किलोग्रॅमपुढे हा दुपटीचा हिशेबही अर्ध्या टक्क्याचाच, आणि एकसारख्या वेगाने चढ चढताना ती दुप्पटही उरत नाही.

खड्ड्यात आपटल्यावर ॲल्युमिनियम चेपते आणि किरकोळ चेप ठोकून सरळ करता येते. कार्बन बहुधा चेपत नाही. सोसते किंवा तडकते, आणि थरांमधली तडक वरून दिसेलच असे नाही. अशा रिमवर बोटाच्या नखाने टिचकी मारीत फिरून आवाज कुठे बद्द येतो ते ऐकतात. संशय आला तर ती वापरू नये.

स्पोकच्या निपलकडेही, म्हणजे स्पोक रिमला कसणाऱ्या छोट्या नटकडेही, लक्ष हवे. ओलाव्यात कार्बनला चिकटलेला ॲल्युमिनियमचा निपल गंजून ठिसूळ होतो, म्हणून कार्बनच्या रिमला पितळी निपल बरे. त्यांनी वाढणारे वजन थोडेच असते.